तरीवर

महिन्यातून एकदा, ओहोटी बघून,
मी अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालतो
आणि खाजणवाडीच्या टोकाला जातो.
तिथे रस्ता संपतो, असं म्हणायची पद्धत आहे.
एके काळी तो तिथून सुरू व्हायचा.

तर चालू होती तेव्हा
पलीकडच्या काठावरून माणसं कुकारे घालायची.
वाऱ्यात ऐकू यायचं नाही, कानवाल्यांनाही नाही.
गोविंद तारीची मुलगी, जन्माची बहिरी,
जांभ्याच्या पायरीवर बसून पलीकडे बघत असायची,
आणि हललेला हात, पंचा, मिटलेली छत्री
तिला सगळ्यांच्या आधी दिसायची.
मग बापाच्या पाठीवर थाप.
एक थाप : एक माणूस.
दोन : सोबत बोजा आहे.
तीन : कोणीतरी आजारी, जेवण टाकून ऊठ.

मग वरच्या अंगाला पूल झाला.
नारळ फुटला, एसटी पलीकडे गेली.
होडी पालथी घातली, ती तशीच राहिली,
तिच्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.
पूल चांगलाच आहे. माझी बायको
त्याच पुलावरून वेळेत पोचली, म्हणून मुलगी आहे.
पण सगुणा त्या वर्षी अपंग झाली,
हे कुठल्या दाखल्यावर नाही.
दाखल्यावर आहे : जन्मतः.

आता ती खडकावरची कालवं फोडते.
बोटांवरच्या रेघा कालवांनी खाल्ल्या.
यंत्र लाल होतं. पुन्हा ठेवा. लाल.
ती हात पदराला पुसते,
गूळ घालून काळा चहा चुलीवर ठेवते,
दुसरं बोट देते. लाल.

नाक्यावर सोनू पेंडुरकर
साखर तोलता तोलता मला विचारतो,
"सरकारान किती जणांक पोसूचा? पयली भावकी बघी."
भावकी. तिच्या चुलतभावाने
सामायिक विहिरीला कुंपण घातलं, त्याला तीन वर्षं झाली.
वाडीतल्या लग्नाचं बोलावणं
तिच्या उंबऱ्यापर्यंत येता येता
नेहमी शेजारच्या घरात बसून राहतं.
तिला नाव आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नाही.
मुकी म्हटलं की भागतं.
सगुणा गोविंद तारी, असं पूर्ण
फक्त माझ्या यंत्रावर उमटतं.

मी सोनूला काही बोलत नाही.
मला दर अंगठ्यामागे चार पैसे सुटतात,
माझं मत पगारी आहे, असं तो म्हणेल,
आणि ते अगदीच खोटं नाही.
पण वादळात त्याची कलमं पडली तेव्हा
भरपाई मीच त्याच्या हातात मोजली होती.
त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात हिरवा झाला.
त्याला पोसणं म्हणायचं
तेव्हा कोणाला सुचलं नाही.

तर, बोटं.
उजवी पाच, मग डावी, तासभर जातो.
सगळ्यात शेवटी ती डावी अनामिका देते. हिरवा.
दर महिन्याला तेच बोट.
दर महिन्याला शेवटी.
मी वहीत लिहूनच ठेवलं
आणि परवा गेल्या गेल्या खुणेने सांगितलं :
आधी हे दे.

तिने डावी मूठ मिटून मांडीखाली घातली.
उजवा अंगठा पुढे केला.
माझ्याकडे बघत राहिली.
चहा अजून उकळायचा होता.

तालुक्याहून कागद आलाय :
पुढच्या वर्षापासून नुसता चेहरा,
मोबाइलवर, घरबसल्या. कोणी जायची गरज नाही.
खाली एक रकाना आहे, अडचण असल्यास नमूद करावी.
तीन दिवस झाले, मी पेन उघडतो आणि मिटतो.
पैसे थांबायला नकोत, हे तर आहेच.
त्यापुढे काय लिहायचं
हे अजून जुळत नाही.

परवा निघताना पायरीवर
तिने माझ्या पाठीवर थाप मारली.
एकच.
मी पलीकडच्या काठाकडे बघितलं.
तिथे कोणी नव्हतं.
भरती लागली होती.